नोंद कोणाची, नोंदणारा कोण?



खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. पन्नासाहून अधिक माणसे सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला. दरडींचा धोका असलेल्या गावांची जी सरकारी यादी होती तीत या वाडीचे नावच नव्हते, असे विधिमंडळात सांगण्यात आले. इर्शाळगडाच्या पायवाटेवरची ही ठाकरांची वस्ती काही डोंगरभटक्यांना ठाऊक होती, बाकीच्या महाराष्ट्राला नव्हती. लेखी जगात या वाडीचा प्रवेश झाला तो मरणाच्या दाखल्यावर. ज्यांची नोंद जिवंतपणी होत नाही, त्यांच्या संरक्षणाचा विचारही जिवंतपणी होत नाही. म्हणून नोंदी कोण करतो, हा प्रश्न विद्वानांपुरता नाही. तो कार्यकर्त्यांचाही आहे.

मराठीत ज्ञानकोश रचण्याचे मोठे उद्योग दोन झाले. १९२०च्या दशकात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मंडळी काढून, भागभांडवल उभारून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत राज्य शासनाच्या खर्चाने मराठी विश्वकोश आकाराला आला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. एक कोश भागधारकांच्या पैशावर उभा राहिला, दुसरा सरकारी तिजोरीवर. तिसरा प्रकार मराठीत १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो म्हणजे मराठी विकिपीडिया. २००१ साली इंग्रजीत आरंभ झालेल्या या मुक्त ज्ञानकोशाची ही मराठी शाखा ना भांडवलावर चालते ना अनुदानावर लिहिली जाते. ती लिहिली जाते स्वयंसेवकांच्या श्रमदानावर. कोणीही वाचावे, कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, आणि लिहिलेले सर्वांच्या मालकीचे व्हावे, हा तिचा करार आहे. श्रमदानाने विहिरी खणणाऱ्या आणि रस्ते बांधणाऱ्या चळवळीला यातले तत्त्व नवे वाटू नये.

या श्रमदानाचे प्रत्यक्ष काम कसे असते, ते कर्जतच्याच उदाहरणाने पाहता येईल. महाराष्ट्रात कर्जत दोन. एक रायगडात, दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यात. एका कर्जतची लोकसंख्या दुसऱ्याच्या लेखात शिरू नये म्हणून संपादकाला आधी एक फाटा करून द्यावा लागतो. विकिपीडियाच्या भाषेत त्याला निःसंदिग्धीकरण म्हणतात. पुढे जुनी माहिती हवी म्हणून तो १८८३ चे कुलाबा गॅझेटियर उघडतो, तर तेथे कर्जत नाही. कारण तेव्हा हा तालुका ठाणे जिल्ह्यात होता आणि त्याचे वर्णन १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आहे. कुलाब्याचे रायगड झाले ते १९८१ साली. अशी एकेक गाठ सोडवीत, प्रत्येक विधानाखाली आधार देत लेख तयार होतो. त्याच्या प्रत्येक आवृत्तीचा इतिहास जपून ठेवलेला असतो आणि मतभेद झाल्यास लेखाच्या चर्चापानावर सर्वांसमक्ष वाद होतो. मानधन नाही, सत्कार नाही, लेखावर नावही नाही.

मात्र या लोकशाहीत एक खोल विषमता दडलेली आहे. विकिपीडियाचा मूळ नियम असा की, जे विश्वसनीय रीतीने प्रसिद्ध झाले आहे तेच लिहावे. लेखकाचे स्वतःचे संशोधन तेथे चालत नाही. नियम रास्त आहे, कारण तो नसता तर कोश म्हणजे अफवांचा बाजार झाला असता. पण छापले कोणाविषयी जाते? खोपोलीच्या घाटपायथ्याला १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. त्या उद्योगाचे अहवाल आहेत, चरित्रे आहेत, छायाचित्रे आहेत. ज्यांनी डोंगरात दगड फोडला आणि नळ ओढले, त्यांच्या नावांची यादी कोणत्या ग्रंथात आहे? १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. ही दोन नावे सुदैवाने इतिहासात आहेत. पण दस्त्याला ज्यांनी आसरा दिला, निरोप पोहोचविले, मार खाल्ला, त्यांतील कितीजण नातवंडांच्या आठवणींपलीकडे उरले आहेत? कागदावर जे नाही ते कोशात येत नाही, आणि कागद तर नेहमीच सावकार, वतनदार, साहेब आणि कंपनी यांच्या बाजूला राहिला आहे.

हा पेच इतरांनाही जाणवला. २०११ साली भारत आणि दक्षिण आफ्रिका येथे मौखिक साक्षी ध्वनिमुद्रित करून त्यांचा आधार म्हणून उपयोग करण्याचा एक प्रयोग विकिपीडियाच्या चळवळीतच झाला. तो सर्वमान्य नियम झाला नाही. तेव्हा नियम मोडून काही साधणार नाही. नियम पुरा करील असा आधार निर्माण करणे, हाच मार्ग उरतो. कातकरी आणि ठाकर वाड्यांतील वृद्धांच्या मुलाखती घेऊन त्या नियतकालिकांत छापाव्यात. अभ्यास करून गावांचे इतिहास प्रसिद्ध करावेत. शिक्षकांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी प्रबंधांचे विषय याच तालुक्यांतून घ्यावेत. आधी छापील साक्ष, मग कोशातील नोंद, असा हा दोन टप्प्यांचा उद्योग आहे. दुसरा टप्पा पुष्कळांना दिसतो. पहिल्यासाठी पाय झिजवावे लागतात.

येथे कार्यकर्त्याच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. विकिपीडिया तटस्थतेची अट घालतो. मग अन्यायाविरुद्ध उभ्या असलेल्या माणसाने तेथे जावे कशाला? याचे उत्तर युगोस्लाव्हियातून वेगळ्या झालेल्या क्रोएशियाने दिले आहे. क्रोएशियन भाषेचा विकिपीडिया दहाएक वर्षे कडव्या राष्ट्रवाद्यांच्या एका लहान गटाच्या ताब्यात होता. दुसऱ्या महायुद्धातील तेथील फॅसिस्ट राजवटीचे अपराध सौम्य करून सांगितले जात होते, यासेनोवात्सच्या छळछावणीचे स्वरूप झाकले जात होते आणि विरोध करणाऱ्या संपादकांना बाहेर काढले जात होते. २०२१ साली विकिमीडिया फाउंडेशननेच प्रसिद्ध केलेल्या अहवालात हे सारे मांडले गेले. हे घडले ते तटस्थतेच्या नियमामुळे नव्हे. नियम राखणारे हात थोडे होते म्हणून घडले. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून अधिक होते, परंतु मराठी विकिपीडियाचे लेख एक लाखाच्या आसपास आहेत आणि नियमाने लिहिणारे फारच थोडे. थोड्या पहारेकऱ्यांची वेस कोणीही ओलांडू शकतो. शिवाय आज भाषा शिकणारी यंत्रे याच मजकुरावर पोसली जात आहेत. येथे झालेली चूक हजार तोंडांनी बोलू लागते, आणि येथे झालेले मौनही तसेच पसरते.

म्हणून कार्यकर्त्याने तेथे जावे, पण पताका दाराबाहेर ठेवून जावे. आपल्या पक्षाचा, आपल्या नेत्याचा लेख आपण लिहू नये. तो मोह टाळणे ही पहिली शिस्त. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता येणे, ही दुसरी. आणि आपले आवडते वाक्य आधाराअभावी कोणी खोडले तर न चिडता आधार शोधायला निघणे, ही तिसरी. सभेत टाळ्या घेण्याची सवय झालेल्यांना ही शिस्त जड जाईल. पण ज्याला सत्याची भीती नाही त्याला तटस्थतेचीही भीती असू नये. वाडीत पाणी आहे की नाही, शाळा कितवीपर्यंत आहे, रस्ता कोठे संपतो, हे आधारासह सरळ सांगितले तरी त्यात पुरेसे आरोपपत्र असते; विशेषणांची गरज पडत नाही.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत इर्शाळवाडीसारख्या वाड्या आणखी पुष्कळ आहेत. त्यांच्याही डोक्यावर डोंगर आहे आणि पाऊस दरवर्षी येतो. ज्ञानकोशातील चार ओळींनी दरड थांबत नाही, हे खरे. पण जिचे नाव, ठिकाण आणि माणसे लिहिलेली आहेत अशी वाडी यादीतून वगळणे तितके सोपे राहत नाही. आठवड्यातील दोन संध्याकाळी या कामाला देणारे वीस तरुण प्रत्येक तालुक्यात निघाले, तरी या वाड्यांची नोंद त्या जिवंत असतानाच होईल. ते श्रमदान कोणी बाहेरून येऊन करणार नाही.