लकवा, घड्याळ आणि मेंदूचा फोटो



नागपुरात धंतोलीत सकाळी उभे राहिले, तर काटोल-उमरेडकडच्या, पार यवतमाळकडच्याही गाड्या येताना दिसतात. गल्ल्या अरुंद, आणि जिकडे पाहावे तिकडे डॉक्टरांच्या पाट्या. एखाद्या गाडीत घरचा कर्ता माणूस आडवा असतो. काल दिवेलागणीला तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला. रात्रभर तेल चोळले, आणि आता आणला. धंतोली गाठली खरी, पण रात्र गेली ती गेलीच.

लकवा दोन तऱ्हांचा असतो. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बुजते, दुसऱ्यात ती फुटते. गुठळी विरघळवणारे औषध आहे. पण वाहिनी फुटलेली असताना तेच दिले तर जीव घेईल. आणि वरून पाहून हा भेद कुणाही डॉक्टरला खात्रीने सांगता येत नाही.

रॉंटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले, तेव्हापासून हाड दिसू लागले. कवटीच्या आतला मेंदू मात्र दिसेना. तो दाखवला हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनियरने. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये त्याच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला. गंमत अशी, की तो ज्या कंपनीत नोकरीला होता, ती ग्रामोफोनच्या तबकड्या काढणारी! हेच सी. टी. स्कॅन. डोक्याभोवती फिरून क्ष-किरण सोडायचे आणि संगणकाने मुळ्याच्या चकत्यांसारखी एकेक चकती मांडून दाखवायची. ताजे सांडलेले रक्त त्यात पांढरे दिसते.

इथे पुष्कळांची फसगत होते. "फोटो तर चांगला आला" म्हणून माणसे पेशंटला घरी न्यायला निघतात. अहो, गुठळीचा लकवा पहिल्या काही तासांत सी. टी. वर बहुधा दिसतच नाही! रक्त सांडलेले नाही, एवढे कळले की डॉक्टर औषधाचा विचार करू शकतात. आणि या औषधाला मुदत आहे साडेचार तासांची. काही निवडक रुग्णांत तारेने गुठळी काढता येते, तिथे मुदत लांबते. पण त्या भरवशावर बसू नये.

हे तास लक्षणे दिसल्यापासून नव्हेत, माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणून गुरुजी, तुम्हाला बोलावणे आले तर आधी ती वेळ चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. पेशंटच्या तोंडात पाणी, चहा घालू देऊ नका. घास श्वासनळीत जातो. रक्त पातळ करणारी गोळीही नको. आत रक्त सांडले असेल तर?

१०८ ला फोन करा. वर्ध्याकडच्या माणसाने वाटेतले सेवाग्राम ओलांडून धंतोलीला कशाला यावे? नागपुरात आलात तरी मेडिकल आहे, मेयो आहे. जिथे सी. टी. आहे आणि हे औषध देणारा डॉक्टर आहे, ते सगळ्यांत जवळचे ठिकाण आपले. मात्र गाडी निघताच तिथे फोन लावून विचारा, "यंत्र आज चालू आहे ना?"