उद्यानातील पाठ : तंजावरची शाळकरी मुले आणि वनस्पतिशास्त्र



कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील खेड्यांत निंदणीच्या वेळी आईमागून शेतात वावरणाऱ्या मुलीला भाताचे रोप आणि ‘कोरै’ नावाचे तण यांतील भेद डोळे मिटूनही सांगता येतो. भाताचे ताट गोल, पोकळ आणि पेरांचे असते. कोरैचा दांडा भरीव व तिकोनी असतो, त्याला पेरे नसतात. दोन बोटांत दांडा फिरवला की त्याच्या तीन धारा लागतात. गवताचे कुल निराळे आणि लव्हाळ्याचे कुल निराळे, हे वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या लक्षणांवरून ठरवितात, त्यांतील काही लक्षणे अशी तिच्या बोटांत आधीच उतरलेली असतात. परंतु शाळेच्या लेखी या ज्ञानाला गुण नाहीत. तेथे तिला व्याख्या विचारतात, आणि व्याख्या न आल्यास तिला वनस्पतींविषयी काहीच ठाऊक नाही असा शेरा मिळतो. उद्यानात सहली न्याव्यात की नाही, हा वाद पुष्कळदा खर्चाचा व शिस्तीचा म्हणून घातला जातो. वस्तुतः तो या मुलीच्या ज्ञानाला मान देण्याचा प्रश्न आहे.

हाताने झाड ओळखण्याची रीत या भूमीला नवी नव्हे. किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे, त्या काळच्या डॅनिश वसाहतीत, १७६८ मध्ये योहान गेरहार्ड कोनिग हा वैद्य आला. तो लिनियसचा शिष्य होता. त्याच्यामागून १७७६ मध्ये आलेला रॉटलर हा मिशनरी धर्मकार्याइतक्याच निष्ठेने वनस्पती गोळा करून, वाळवून, कागदावर लावीत असे. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (राज्यारोहण १७९८, मृत्यू १८३२) यांचे शिक्षण श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले. त्यांनी चित्रकारांकडून प्राणी व वनस्पती यांची चित्रे काढवून घेतली, शाळा चालविल्या, छापखाना घातला. १८०६ मध्ये त्या छापखान्यातून इसापनीतीचे मराठी रूपांतर मुलांसाठी बाहेर पडले. मात्र राजवाड्यातील चित्रे पाहण्याचे भाग्य सामान्य शेतकऱ्याच्या मुलास लाभत नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे. सर्वांना मोकळी अशी बाग पुढे आली: मोठ्या देवळाजवळील शिवगंगा तलावाच्या परिसरात नगरपालिकेने १८७१-७२ मध्ये लोकोद्यान उभारले.

अशा बागेत मुलांना नेऊन काय करावे? बहुधा घडते ते असे: चाळीस-पन्नास मुले रांगेने फिरतात, शिक्षक पाट्यांवरील नावे मोठ्याने वाचतात, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि खाऊच्या वेळेकडे डोळे लावून बसतात. ही सहल नव्हे, पाट्यांचे शुद्धलेखन होय. त्यापेक्षा एका सकाळी तीन पाने पुरतात. कढीलिंब, लिंबू आणि बेल यांचे एकेक पान प्रत्येक मुलाच्या हाती द्यावे. नाव सांगण्याची घाई करू नये. पान चुरडून हुंगावे. मग दुसरे, अखंड पान सूर्याकडे धरून पाहावे. पानभर पारदर्शक ठिपके विखुरलेले दिसतील, आणि साधे भिंग असल्यास ते अधिकच स्पष्ट होतील. या तैलग्रंथी होत. चुरडताच येणारा वास त्यांतलाच. एक पान रस्समच्या फोडणीतले, दुसरे लोणच्याच्या झाडाचे, तिसरे शिवाच्या पिंडीवरचे. परंतु तिघांच्या अंगी एकच खूण, कारण तिघे एकाच कुलातले. कुल म्हणजे काय, हे यानंतर फळ्यावर लिहावे लागत नाही. शेजारच्या आंब्याचे पान लगेच उजेडात धरावयास सांगावे; त्यात असे ठिपके नाहीत हे मुले स्वतःच ओरडून सांगतात. मग शिक्षकाने हळूच सांगावे की, कढीलिंबाच्या शास्त्रीय नावातील ‘कोनिगी’ हे पद तरंगंबाडीच्या त्या वैद्याचे आहे. स्वयंपाकघरातील पानावर आपल्याच किनाऱ्यावर राहून गेलेल्या माणसाचे नाव आहे, हे ऐकून मुलांना गंमत वाटते. थोरांनाही वाटते.

पाने तोडण्याविषयी माळ्यांची तक्रार रास्त असते. गळलेली पाने व छाटणीच्या फांद्या आधी मागून ठेवल्या तर ती उद्भवत नाही. उलट माळीच पुष्कळदा उत्तम अध्यापक ठरतो.

काही पाठ बागेत मिळत नाहीत. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले आणि पट्टुकोट्टै, पेरावूरणी भागांतील नारळीच्या बागा आडव्या झाल्या. ज्या घरांचा संसार त्या झाडांवर होता त्यांच्या मुलांपुढे या विषयावर बोलताना सावधगिरी बाळगावयास हवी. परंतु अशाच मुलांनी पडलेल्या नारळीचे बूड पाहिलेले असते: एक सोटमूळ नाही, दोरखंडासारख्या मुळांचा झुबका. कापलेल्या खोडात वर्षागणिक वाढणारी वलये नाहीत, नुसते तंतूंचे ठिपके. सागाचा एखादा ओंडका शेजारी ठेवला की एकदल आणि द्विदल यांतील फरक समोर उभा राहतो. प्रश्न विचारण्याचा अधिकार येथे शिक्षकाचा नसून मुलांचा असावा. त्यांपैकी कोणी घरची हकीकत सांगू लागले तर तास तेथेच थांबवून ती ऐकावी.

उद्यानाइतकाच उपयोगी असतो शेताचा बांध. भाताला फूल येते हे शहरातील बहुतेक मुलांना ठाऊक नसते, आणि खेड्यातील मुले ते पाहूनही फूल म्हणून मोजत नाहीत, कारण त्याला पाकळ्यांचा थाट नाही. सांबा हंगामाचे पीक साधारणतः डिसेंबरच्या सुमारास फुलोऱ्यावर येते. सकाळी नऊ-दहाच्या पुढे, ऊन तापू लागले की, एकेका दाण्याचे तूस किंचित उघडते आणि सहा पिवळसर परागकोश बाहेर लोंबतात. साधारण तासाभरात ते पुन्हा मिटते. तेव्हा शाळेची घंटा दहाला होत असेल तर त्या दिवशी हजेरी बांधावर घ्यावी.