रिकामे हात
(ज्युबिली-प्रसंगीं केलेलें प्रवचन)



ज्युबिली म्हणजे केवळ रोषणाई व मेजवानी नव्हे. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत नियम आहे कीं, पन्नासाव्या वर्षीं दास मोकळा व्हावा व विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळावी. त्या दासास सुटकेचा दाम मोजावा लागत नसे. आपलें तारणही तसेंच. तें देवाच्या कृपेचें निव्वळ दान आहे.

आपल्या या तळोज्याच्या कारागृहांत २०२० सालीं येशूसंघाचे वयोवृद्ध फादर स्टॅन स्वामी बंदी होते. कंपवातामुळें त्यांस पेला धरवत नसे. सहबंदी त्यांस जेवावयास व स्नान करावयास मदत करीत. आदिवासी बांधवांसाठीं आयुष्य वेंचलेला हा याजक शेवटीं दुसऱ्याच्या हातून घेणारा झाला. ५ जुलै २०२१ रोजीं, जामीन मिळण्यापूर्वींच, त्यांनीं मुंबईंत देह ठेविला. देवापुढें आपण सर्व तसेच रिकाम्या हातांचे आहों.

मग सत्कर्में व्यर्थ काय? मुळींच नव्हेत. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५४७ सालीं शिकविलें कीं, नीतिमान ठरण्याची कृपा आपण आधींच्या कोणत्याही कर्मानें कमावीत नाहीं. परंतु मिळालेली कृपा स्वस्थ बसूं देत नाहीं. ती शेजाऱ्याच्या मुखीं घांस घालावयास लाविते.

म्हणून ज्यानें या उत्सवास मोठी वर्गणी दिली, त्यानें स्वर्ग विकत घेतला असें समजूं नये; आणि ज्यास कांहींच देतां आलें नाहीं, त्यानें लाजून शेवटच्या बाकावर बसूं नये. दोघांनींही एकाच वेदीपुढें हात पसरावे. तेथें देणारा एकच आहे.