शिवारातील जुने बांध
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गावाचा नकाशा मुलांकडून काढवून घेतला म्हणजे त्यात देऊळ, चावडी, शाळा व ओढा ही हटकून येतात. ज्या बांधांवरून ती मुले रोज चालत येतात, ते बांध मात्र सहसा येत नाहीत. वस्तुतः खेड्यातील कितीतरी तंटे बांधावरून उद्भवतात, आणि गावाचा जुना इतिहासही पुष्कळसा बांधांतच साठलेला असतो.

देशावरच्या शिवारात डोळसपणे हिंडल्यास दोन तऱ्हेचे बांध दिसतात. काही सरळ रेषेत जातात व त्यांच्या कोपऱ्यांवर दगड रोवलेले असतात. हे बहुधा इंग्रजी मोजणीचे. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ साली पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात जी मोजणी व आकारणी सुधारून हाती घेतली, तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात रूढ झाली. एका बैलजोडीने वाहता येईल, अशा बेताने सर्व्हे नंबर पाडण्याचे तिचे धोरण होते. त्यामुळे लहान लहान जुनी शेते एका नंबरात गोवली गेली आणि त्यांचे वळणावळणाचे बांध आतल्या आत पोटबांध म्हणून राहिले. सरळ बांधाच्या पोटात वाकडा बांध आढळला, की तो अधिक जुना असण्याचा संभव मोठा.

मात्र येथे फसगत होते. १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्यानंतर अवर्षणग्रस्त भागांत समपातळी बांध घातले गेले. तेही वळणाचेच आहेत. पण ते मालकीची हद्द न पाहता उताराला आडवे जातात, आणि पाणी काढून देण्यासाठी त्यांना सांडवा ठेवलेला असतो. जुन्या बांधावर बाभूळ, बोर, निंब अशी वाढलेली झाडे व पिढ्यान्‌पिढ्या वेचून टाकलेल्या दगडांची रास असते. हा भेद मुले फार लवकर शिकतात, मोठ्यांपेक्षाही लवकर!

इंग्रजी मोजणीपूर्वी गावची जमीन थळांत वाटलेली असे. थळवार नोंदींच्या कागदास थळझाडा म्हणत, व वतनी मिरासदारास थळकरी. ती थळे गेली, परंतु शेतांची नावे टिकली. गावंदर, मळई, गुरवकी, चिंचेचा मळा असे एकेक नाव म्हणजे जमिनीचा पोत, जुना हक्क किंवा कधीच पडून गेलेले झाड यांची नोंदच होय. हद्दीची काळजी तर त्याहून पुरातन आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेवर वड, पिंपळ यांसारखी झाडे लावावीत, आणि कोळसा, खापऱ्या, हाडे, भुसा, वाळू असे मातीत लवकर न कुजणारे पदार्थ गुप्तपणे पुरून ठेवावेत, असे सांगितले आहे. शेजारी बांध कोरतो, ही तक्रार त्या काळीही असणारच.

गणिताच्या तासालाही येथे सामग्री आहे. मोजणीची साखळी ३३ फुटांची व १६ आण्यांची होती. ह्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, व ४० गुंठ्यांचा एकर. दहा मीटर सहा सेंटिमीटरांची दोरी घेऊन मैदानावर चौरस आखला, की गुंठा व आर यांत जेमतेम एका टक्क्याचा फरक आहे, हे मुलांना पाठ न करता उमगते.

१९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. पुढे ट्रॅक्टर आले, आणि कागदावरून गेलेले बांध जमिनीवरूनही नाहीसे होऊ लागले. शेतांची नावे सांगणारी वृद्ध माणसे तर दरसाल कमी होत आहेत. म्हणून शिवारफेरीत अशी एक तरी व्यक्ती बरोबर असावी.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. "हे शेत कोणाचे?" असा प्रश्न वर्गाला विचारू नये. ज्यांच्या घरांत बांधावरून बोलणे बंद झालेले आहे, अशी दोन मुले एकाच बाकावर बसलेली असतात. प्रश्न नावाचा, झाडाचा, उताराचा असावा, मालकीचा नसावा. मुलांनी काढलेल्या नकाशावर "शाळेचा अभ्यास-नकाशा, मोजणीचा नव्हे" असे ठळक लिहावे. कोणी तो तंट्यात पुरावा म्हणून मागितल्यास शिक्षकाने नम्रपणे नकार द्यावा व भूमि अभिलेख कार्यालयाचा मार्ग दाखवावा. हद्द ठरविणे हे शाळेचे काम नव्हे.

फेरीसाठी फाल्गुन-चैत्र हा काळ उत्तम. रब्बी निघालेली असते, शाळा सकाळची असते, आणि कोवळ्या तिरप्या उन्हात नांगराने मोडलेल्या बांधाचा उंचवटादेखील सावलीवरून ओळखू येतो. दगडांच्या राशींत मात्र मुलांना हात घालू देऊ नये. तेथे विंचू-सापांची वस्ती असते.