अंतरपाट दूर होतो तो क्षण

इंदूर-इच्छापूर महामार्गावर, महाराष्ट्राची हद्द लागण्याआधी बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं इच्छापूर येतं. टेकडीवर इच्छादेवीचं मंदिर, पलीकडे मुक्ताईनगर. सोयरिकी काही हद्द पाहून जुळत नाहीत, त्यामुळे या पट्ट्यातल्या लग्नाच्या फोटोग्राफरला दोन्हीकडच्या रीती ठाऊक असाव्या लागतात.

तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि दुपारच्या मुहूर्ताला ऊन थेट डोक्यावर असतं. मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडातून झिरपणारा उजेड नवरीच्या चेहऱ्याचा रंगच बदलून टाकतो. म्हणून जाणता फोटोग्राफर आधी येतो, व्हाइट बॅलन्स जुळवतो आणि उभं कुठे राहायचं ते ठरवतो.

खरी परीक्षा शेवटच्या मंगलाष्टकाची. अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात, नजरानजर होते. सगळं दोन-तीन सेकंदांत. इथे ‘पुन्हा एकदा करा’ म्हणता येत नाही.

असा निसटता क्षण टिपणं कॅमेऱ्याला पूर्वी जमत नसे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या काळी एका छायाचित्रासाठी काही सेकंद निश्चल बसावं लागे. पुढे रोल आला, ३६ फोटोंचा. प्रत्येक फोटो जपून काढायचा. आता हजारो निघतात, आणि निवडीचं काम रात्री जागून होतं.

फोटो कार्डावरून उतरवून घेताना मात्र घाई नको. दोन ठिकाणी प्रती ठेवल्याशिवाय मेमरी कार्ड कोरं करायचं नाही. चातुर्मासात लग्नं थांबतात, तेव्हा अल्बमची जुळणी आणि आजी-आजोबांसह कुटुंबाचे फोटो.