पिवळा दिवा आणि 40 हजार

आज बोलायचंय आमच्या गटाच्या टेम्पोबद्दल.

मागच्या पावसाळ्यात टेम्पोच्या मीटरवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्या भाऊंनी बोनेट उघडलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, "इंजेक्टर गेलेत. 40 हजार धरा." गटाच्या खात्यात होते 31 हजार, आणि बँकेचा हप्ता चार दिवसांवर. बैठकीत कुणी म्हणालं, व्याजाने काढू. कुणी म्हणालं, गाडीच विकू. तेवढ्यात आमच्यातली एक मावशी बोलली, "रक्त-लघवी न तपासता डॉक्टर ऑपरेशन सांगतो का गं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पो तालुक्याला नेला. तिथल्या मिस्त्रींनी गाडीला स्कॅनर लावला. कोड निघाला एका सेन्सरचा. वायर बघतात तर उंदराने कुरतडलेली! टेम्पो आम्ही धान्याच्या खोलीशेजारी लावतो ना. बिल झालं 900 रुपये.

पहिल्या भाऊंनी फसवलं असं आम्ही म्हणत नाही. त्यांच्याकडे स्कॅनर नव्हता, त्यांनी अंदाज सांगितला. पण अंदाजावर 40 हजार द्यायचे नसतात. आणि कोडसुद्धा गडबड कुठे आहे एवढंच सांगतो. पार्ट गेला, की वायर तुटली, की जोड सैल झाला, हे माणसानेच तपासायचं.

मात्र यातून आम्ही एक चुकीचा धडा घेणार होतो, की दिवे लागतातच, चालवत राहायचं. तसं नाही, बायांनो. रंग बघा. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. ऑइलचा दाब नसताना दोन-चार किलोमीटर चालवलं तरी इंजिन जाम होऊ शकतं. इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला तरी थांबा, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी अंगावर उडतं. हँडब्रेक सोडूनही ब्रेकचा लाल दिवा राहिला तर गाडी हलवू नका. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. तोच लुकलुकायला लागला तर थांबायचं.

गॅरेजमध्ये काय विचारायचं, ते आम्ही गटाच्या वहीत लिहून ठेवलंय. कोड कोणता निघाला? तपासणीत नक्की काय सापडलं? पार्टचे किती, मजुरीचे किती, हे कागदावर द्याल का? काढलेला जुना पार्ट परत मिळेल ना? पक्कं बिल आणि वॉरंटी? खर्च 5 हजारांच्या वर जात असेल तर दुसऱ्या गॅरेजला दाखवायचं आणि बैठकीत ठराव करायचा.

विचारायला लाजू नका. पैसा आपल्या बचतीचा आहे, दहा-दहा रुपयांनी साठवलेला.

टेम्पो आता धान्याच्या खोलीपासून लांब लावतो. हप्ताही वेळेवर गेला.