व्यस्त प्रमाण : वाढ, घट आणि गुणाकार

‘एक राशि वाढली कीं दुसरी घटते, तें व्यस्त प्रमाण,’ ही व्याख्या शाळा सोडून पुष्कळ वर्षें झालेल्या गृहस्थांच्याहि तोंडीं असते. ती खोटी नव्हे, परंतु अपुरी आहे. आणि या अपुरेपणामुळें व्यवहारांत शहाणीं माणसेंहि फसतात.

घरांतील तांदुळांचेंच उदाहरण घ्यावें. कोठींत ६० किलो तांदूळ आहेत. रोज २ किलो लागले तर ते ३० दिवस पुरतील, ३ किलो लागले तर २० दिवस, ४ किलो लागले तर १५ दिवस. रोजचा खर्च आणि दिवस यांचा गुणाकार प्रत्येक वेळीं ६० च येतो. एक राशि दुप्पट झाली कीं दुसरी बरोबर निम्मी होते. हेंच व्यस्त प्रमाण.

आतां त्याच कोठीकडे निराळ्या दृष्टीनें पाहावें. रोज २ किलो खर्च होत असतां ५ दिवसांनीं ५० किलो उरतात, १० दिवसांनीं ४० किलो. येथेंहि दिवस वाढले आणि तांदूळ घटले; पण दिवस दुप्पट झाले म्हणून तांदूळ निम्मे झाले नाहींत. पहिला गुणाकार २५०, दुसरा ४००. घट आहे, पण व्यस्त प्रमाण नाहीं.

भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’ या ग्रंथांत व्यस्त त्रैराशिक सांगितलें आहे. २ किलोस ३० दिवस, तर ३ किलोस किती? येथें २ हें प्रमाण, ३० हें फल आणि ३ ही इच्छा. इच्छा वाढली असतां फल घटतें, ही या त्रैराशिकाची ओळख. प्रमाण व फल यांच्या गुणाकारास इच्छेनें भागावें, ही रीति. ओळख पुष्कळांना स्मरते. गुणाकार कायम राहतो हें मर्म मात्र रीतींत आहे.

नभोवाणीच्या लहरीहि याच नियमानें बांधलेल्या आहेत. लहरीचा वेग सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर. तिची लांबी ३०० मीटर असली तर सेकंदास १० लक्ष आवर्तनें होतात. लांबी ६०० मीटर असली तर ५ लक्ष. दोहोंचा गुणाकार म्हणजे तोच ठरलेला वेग.

या नियमाचें ज्ञान सर्वांत अधिक उपयोगी पडतें तें रस्त्यावर. १५० किलोमीटरांचा प्रवास ताशीं ३० किलोमीटर वेगानें ५ तासांत होतो. वेग ४० केला तर पावणेचार तास लागतात. सव्वा तास वांचतो. परंतु ९० चा वेग १०० केला, तर १ तास ४० मिनिटांऐवजीं दीड तास लागतो. वांचतात अवघीं १० मिनिटें. वेगांतील वाढ दोन्हीकडे १० च. लाभांत मात्र केवढें अंतर!

उलट, धांवत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ९० चे १०० होतांच ती जवळजवळ सव्वापट होते, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबेपर्यंतचें अंतरहि त्याच मानानें वाढतें. वेग जों जों वाढवावा तों तों लाभ आक्रसत जातो आणि धोका फुगत जातो. गाडी हांकणाऱ्यानें हा हिशेब घरून निघण्यापूर्वींच करावा. घरच्या माणसांना दहा मिनिटांचा उशीर सहज सोसतो.